हे वेन, द

हे वेन, द : जॉन कॉन्स्टेबल (११ जून १७७६–३१ मार्च १८३७) या इंग्रज चित्रकाराचे १८२१ मधील विख्यात तैलचित्र. आकार १३०.२ × १८५.४ सेंमी. सध्या लंडनच्या नॅशनल गॅलरीत. नावाचा अर्थ ‘वाळल्या गवताचा गाडा’. कॉन्स्टेबलने चित्राला दिलेले मूळ नाव ‘निसर्गदृश्य : दुपार’ असे होते, आजचे नाव त्याचा मित्र जॉन फिशर याच्यामुळे रूढ झाले. सफोक आणि एसेक्स या परगण्यांच्या सीमेवरून वाहणाऱ्या स्टूर नदीवरचे फ्लॅटफर्ड हे चित्रातले स्थळ. डावीकडे विली लॉट या शेतकऱ्याचे घर, मध्यभागी उथळ पाण्यात थांबल्यासारखा दिसणारा रिकामा चारचाकी गाडा, त्याला जुंपलेले घोडे, काठावर एक कुत्रा, उजवीकडे उन्हाने उजळलेले कुरण आणि या साऱ्यावर पसरलेले ढगांचे मोठे आकाश, अशी त्याची मांडणी आहे.

रॉयल अकादमीच्या १८२१ च्या प्रदर्शनात हे चित्र विकले गेले नाही. पुढे जॉन ॲरोस्मिथ या व्यापाऱ्याने ते पॅरिसला नेले. तेथील १८२४ च्या सलाँ प्रदर्शनात त्याला सुवर्णपदक मिळाले आणि तरुण फ्रेंच चित्रकारांना त्यातील ताज्या, तुटक रंगलेपनाने भारून टाकले. १८८६ मध्ये हेन्री व्हॉन या संग्राहकाने ते नॅशनल गॅलरीला दिले. तेव्हापासून छापील प्रती, दिनदर्शिका आणि बिस्किटांचे डबे यांवरून ते घरोघरी पोचले व ‘शांत, सुखी इंग्रजी खेडे’ म्हणजे हेच चित्र असे समीकरण झाले. हा अर्थ अपुरा आहे. ‘द हे वेन’ हे विसाव्याचे चित्र नसून कामाच्या जागेचे चित्र आहे, आणि ती जागा मालकाच्या नजरेतून पाहिलेली आहे. त्याचे मोठेपण आणि त्याची मर्यादा या दोन्हींचा उगम त्या नजरेत आहे.

पहिला पुरावा जागेचाच आहे. फ्लॅटफर्डची गिरणी चित्रकाराचे वडील गोल्डिंग कॉन्स्टेबल यांची होती आणि चित्रातले दृश्य त्या गिरणीलगतच्या काठावरून दिसते. म्हणजे चित्रासमोर उभा राहणारा प्रेक्षक नकळत गिरणीमालकाच्या आवारात उभा असतो. दुसरा पुरावा तपशिलांचा. तरुणपणी कॉन्स्टेबलने वडिलांच्या पवनचक्कीवर काम केले होते. वारा कोठून येतो आणि कोणता ढग पाऊस आणील, हे ओळखणे त्या धंद्याचा भाग होता. चित्राच्या काळातच त्याने हॅम्पस्टेड येथे आकाशाचे अभ्यास रंगवले आणि त्यांच्या पाठीवर दिवस, वेळ व वाऱ्याची दिशा नोंदवली. चित्र लंडनच्या चित्रशाळेत पूर्ण झाले, तरी गाड्याची बांधणी चुकू नये म्हणून त्याने सफोकमधून तिचे रेखाटन मागवून घेतले. गाडा पाण्यात का आहे, याची दोन उत्तरे दिली जातात. तो उतारावरून नदी ओलांडून पलीकडच्या कुरणात गवत भरायला चालला आहे, हे एक. उन्हाळ्यात लाकूड आकसून लोखंडी धाव सैल होते, म्हणून चाके भिजवली जात आहेत, हे दुसरे. बैलगाडीची चाके पाण्यात भिजवण्याची रीत ठाऊक असलेल्या मराठी वाचकाला दुसरे उत्तर समजावून सांगावे लागत नाही. दोन्ही उत्तरांत गाडा कामावरच आहे.

मात्र वस्तूंना मिळालेली ही जवळीक माणसांना मिळालेली नाही. गवत कापणारे आणि दुसरा गाडा भरणारे मजूर उजव्या कडेला, दूर कुरणात, रंगाच्या काही ठिपक्यांएवढेच आहेत. पूर्वतयारीचा, चित्राएवढ्याच आकाराचा तैलखर्डा लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्यूझियममध्ये आहे. त्यात काठावर घोडेस्वार दिसतो. अंतिम चित्रातून तो काढला गेला. ती आकृती गेली आणि शांतता वाढली. प्रत्यक्षात तो काळ शांत नव्हता. नेपोलियनशी चाललेली युद्धे १८१५ मध्ये संपली आणि शेतीत मंदी आली. १८१६ मध्ये आणि पुन्हा १८२२ मध्ये पूर्व इंग्लंडच्या शेतमजुरांनी दंगे केले. कॉन्स्टेबल याबाबत अनभिज्ञ नव्हता. सफोकमध्ये रात्रीमागून रात्री आगी दिसत असल्याचे भावाने कळवले, ते त्याने १८२२ मध्ये फिशरला लिहिले. जॉन बॅरल या समीक्षकाने १९८० मध्ये या काळातील इंग्रजी निसर्गचित्रांतल्या गरिबांच्या स्थानाचा ग्रंथरूपाने शोध घेतला, तेव्हापासून हे अंतर योगायोगाचे मानणे कठीण झाले आहे.

यावर एक आक्षेप असा की, चित्रकार हा इतिहासकार नव्हे. त्याने दंगे रंगवले नाहीत म्हणून त्याला दोष देणे अन्यायाचे आहे. आक्षेप रास्त आहे, पण येथे प्रश्न दोषाचा नसून अर्थाचा आहे. चाकाबद्दल इतका काटेकोर असणारा चित्रकार माणसांना ठिपक्यांएवढे ठेवतो, तेव्हा ती त्याची निवड असते. आणि निवडीचा अर्थ विचारणे हेच रसग्रहण. दुसरा आक्षेप असा की, पॅरिस जिंकले ते रंगांनी, आशयाने नव्हे. परंतु पानांवरची ती चमक आणि पाण्यावरचे ते पांढरे फटकारे हवामानावर पोट असलेल्या घरात घडलेल्या डोळ्यांनी टिपले आहेत; तंत्र आशयापासून वेगळे काढता येत नाही. तिसरा आक्षेप कॉन्स्टेबलच्या बालपणीच्या भूमीवरील प्रेमाचा. ते प्रेम निःसंशय खरे आहे. पण जमिनीवर प्रेम मालकही करतो आणि कसणाराही करतो. दोघांचे प्रेम खरे असूनही दोघांना एकच जमीन सारखी दिसत नाही.

हा फरक समजण्यासाठी पुणे जिल्ह्यातील मुळशीचे उदाहरण जवळचे आहे. पावसाळ्यात धरणाचे पाणी, त्यावर उतरलेले ढग आणि भोवतीचे हिरवे डोंगर पाहायला लोक गर्दी करतात. ते दृश्य सुंदर आहेच. पण त्या पाण्याखाली भातखाचरे आहेत. टाटा कंपनीने मुंबईला वीज पुरवण्यासाठी मुळा नदीवर धरण बांधायला घेतले, तेव्हा पांडुरंग महादेव ऊर्फ सेनापती बापट आणि विनायकराव भुस्कुटे यांच्या नेतृत्वाखाली मावळ्यांनी १६ एप्रिल १९२१ रोजी सत्याग्रह सुरू केला. तो १९२४ पर्यंत टिकला. लढ्यात फूट पडली ती याच रेषेवर : जमिनीचे मालक आणि सावकार नुकसानभरपाईकडे झुकले, तर कसणाऱ्याला जमिनीखेरीज दुसरे काहीच हाती नव्हते. धरण पूर्ण झाले आणि घाटाखाली भिरा येथे वीज तयार होऊ लागली. फ्लॅटफर्डला कोणी गाव बुडवले नाही, म्हणून दोन्ही घटना समान नाहीत, आणि चित्र व सत्याग्रह यांत बरोबर शंभर वर्षांचे अंतर असणे हा निव्वळ योगायोग आहे. समान आहे ती पाहण्याची सवय : पाणी, आकाश आणि झाडी समोर आली की तेथे कोण राबत होते, हा प्रश्न मागे पडतो. मराठी निसर्गचित्रणाला १८५७ मध्ये स्थापन झालेल्या मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतून ब्रिटिश शिक्षणाचे वळण लागले. त्यामुळे ही सवय तपासणे आपल्यासाठीही अगत्याचे आहे.

इंग्लंडमध्ये या चित्राचा उपयोग पुढे त्याच्याच शांततेला प्रश्न विचारण्यासाठी झाला. पीटर केनर्ड या कलावंताने १९८० मध्ये त्याच गाड्यावर क्षेपणास्त्रे लादलेली दाखवली. जुलै २०२२ मध्ये खनिज तेलाविरोधी आंदोलकांनी उद्ध्वस्त निसर्गाची प्रतिमा त्यावर चिकटवली. अशा कृतींमुळे मूळ चित्र कमी होत नाही. ‘द हे वेन’ हे चाक, पाणी आणि ढग यांना इतक्या निष्ठेने न्याय देणारे थोर चित्र आहे. त्याच्या उजव्या कडेच्या ठिपक्यांपाशी थांबून ती माणसे कोण, असे विचारणाऱ्यालाच ते पुरते दिसते.