'आणि पुत्रापासून': एका पुरवणीची कुळकथा

ख्रिस्ती उपासनेत मंडळी एकमुखाने आपल्या श्रद्धेचे जे निवेदन करते त्याला विश्वासांगीकार म्हणतात. त्यांतील सर्वाधिक मान्यता असलेला विश्वासांगीकार 'नायसीन' या नावाने ओळखला जात असला, तरी त्याचा प्रचलित पाठ इ.स. 325 च्या नायसिया परिषदेचा नसून 381 च्या कॉन्स्टँटिनोपल परिषदेचा मानला जातो. अलेक्झांड्रियाचा धर्मगुरू एरियस हा पुत्राला, म्हणजे ख्रिस्ताला, निर्मित मानीत असे. त्याला उत्तर देताना, सम्राट कॉन्स्टंटाइनने बोलावलेल्या पहिल्या परिषदेने पुत्र पित्याशी एकतत्त्व असल्याचे ठरवले, मात्र पवित्र आत्म्याचा केवळ नामोल्लेख करून ती थांबली. पुढे 381 च्या पाठाने योहानाच्या शुभवर्तमानाला धरून आत्मा पित्यापासून निघतो असे म्हटले, आणि पूर्वेकडील मंडळ्यांच्या दृष्टीने विषय तेथेच संपला.

पश्चिमेत मात्र तो संपला नाही. स्पेनमधील व्हिसिगॉथ राजा रेकारेड याने एरियसचे मत सोडल्यावर 589 मध्ये टोलेडो येथे परिषद भरली, आणि तिच्या निवेदनांत आत्मा पित्यापासून व पुत्रापासूनही निघतो ही शिकवण आढळते. अर्थात विश्वासांगीकाराच्या पाठातील 'आणि पुत्रापासून' ही पुरवणी परिषदेचीच, की नंतरच्या नक्कलकारांनी घातलेली, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. 'फिलिओक्वे', म्हणजे 'आणि पुत्रापासून', हा एकच लॅटिन शब्द पुत्राचे पित्याशी समानत्व ठसवण्यास सोयीचा होता, आणि त्याच्या प्रसाराचे कारण बहुधा हेच असावे. फ्रँक राजा शार्लमेनच्या राज्यात तो गायनातून रुळला, आणि नवव्या शतकाच्या आरंभी जेरुसलेमजवळच्या ऑलिव्ह डोंगरावरील फ्रँक संन्याशांनी तो गायला तेव्हा ग्रीक संन्याशांनी त्यांना पाखंडी ठरवले.

या प्रकरणात रोमची भूमिका विशेष लक्षणीय आहे. पोप तिसरा लिओ याला ती शिकवण अमान्य नव्हती, तरीही परिषदेने ठरवलेल्या पाठात भर घालण्यास त्याने नकार दिला, आणि पुरवणीविना असलेला पाठ ग्रीक व लॅटिन या दोन्ही भाषांत चांदीच्या पत्र्यांवर कोरवून तो संत पीटरच्या समाधीपाशी लावला. हा निर्धार दोनशे वर्षे टिकला. राज्याभिषेकासाठी 1014 मध्ये रोमला आलेल्या जर्मन राजा दुसऱ्या हेन्रीला तेथील मिस्सामध्ये, म्हणजे प्रभुभोजनाच्या उपासनेत, विश्वासांगीकार म्हटलाच जात नाही याचे आश्चर्य वाटले. रोमला पाखंडाचा स्पर्श कधी झाला नसल्याने त्याची गरज पडत नाही, असे रोमी धर्मगुरूंनी त्याला सांगितले, यात थोडा अहंकार दिसतो खरा. अखेर सम्राटाच्या आग्रहाखातर पोप आठव्या बेनेडिक्टने तो मिस्सात आणला, आणि उत्तरेत रुळलेली पुरवणी त्याबरोबरच रोममध्ये आली असे मानले जाते.

पूर्व व पश्चिम यांच्यातील पुढच्या वादाचे मर्म शिकवणीपेक्षा अधिकारात अधिक होते. आत्म्याचा मूळ स्रोत पिताच आहे, हा ग्रीक धर्मशास्त्राचा आग्रह खरा. परंतु सर्वांच्या परिषदेने ठरवलेला पाठ एका पक्षाने परस्पर बदलावा, हे पूर्वेला अधिक बोचले. रोम व कॉन्स्टँटिनोपल यांच्यातील 1054 च्या बहिष्कार-प्रतिबहिष्कारांत हा आरोप होताच, आणि 1439 मध्ये फ्लोरेन्सच्या परिषदेत कागदावर समेट झाला तरी इफिससच्या ग्रीक बिशप मार्कने त्यावर सही केली नाही.

विसाव्या शतकातील एकीकरणाच्या चळवळीला त्यामुळे अर्थाचा उलगडा आणि पाठाची दुरुस्ती अशी दोन कामे वेगळी करावी लागली. अँग्लिकन मंडळ्यांनी 1888 च्या लॅम्बेथ ठरावात नायसीन विश्वासांगीकार हा एकतेच्या चार आधारांपैकी एक मानला होता. 1978 च्या लॅम्बेथ परिषदेने मात्र त्यातून ही पुरवणी वगळण्याचा विचार करावा असे आपल्या मंडळ्यांना सुचवले. व्हॅटिकनने 1995 मध्ये 381 चा ग्रीक पाठच प्रमाण व अपरिवर्तनीय असल्याचे स्पष्ट केले. भारतात 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपूर येथे सहा मंडळ्या एकत्र येऊन उत्तर भारताची मंडळी स्थापन झाली तेव्हा प्रश्न अधिक मूलभूत होता, कारण बाप्टिस्ट व डिसायपल्स या परंपरांना ठरीव विश्वासांगीकाराचे बंधनच मान्य नव्हते. श्रद्धेची साक्ष देणारे व ती जपणारे पाठ म्हणून प्राचीन विश्वासांगीकार तेथे स्वीकारले गेले.

नायसिया परिषदेला 1700 वर्षे झाल्यानिमित्त 28 नोव्हेंबर 2025 रोजी पोप चौदावे लिओ आणि कॉन्स्टँटिनोपलचे ऑर्थोडॉक्स कुलपिता बार्थोलोम्यू यांनी तुर्कस्तानातील इझनिक येथे, म्हणजे प्राचीन नायसियाच्या स्थानी, विश्वासांगीकार पुरवणीविना म्हटला. लॅटिन विधीच्या रविवारच्या मिस्सातील पाठात मात्र ती अजूनही आहे, आणि कॅथलिक मंडळीने अनुवादासाठी केवळ मूळ ग्रीक पाठच वापरावा, ही उत्तर अमेरिकेतील ऑर्थोडॉक्स-कॅथलिक संवादमंडळाने 2003 मध्ये केलेली शिफारस अद्याप अमलात आलेली नाही.