मसल कारमधील वातानुकूलन

१९६४ ते १९७२ च्या सुमारास अमेरिकेत निघालेल्या शक्तिशाली ‘मसल’ मोटारींत जादा पैसे देऊन बसवून घेता येणारी, पण क्वचितच आढळणारी शीतन यंत्रणा. कारखान्यातून एसी बसवलेली मोटार पॅकार्डने १९४० च्या मॉडेलसाठी प्रथम बाजारात आणली. मसल कारच्या काळापर्यंत ही सोय अमेरिकेत सर्वपरिचित होती. तरीही सर्वांत जोरकस इंजिनांसोबत ती मिळत नसे. शेव्हरोले कॅमारो झेड/२८, ४२६ हेमी इंजिनाच्या डॉज व प्लिमथ गाड्या आणि फोर्ड मस्टँग बॉस ४२९ ही त्याची ठळक उदाहरणे.

कारणे यांत्रिक होती. जनरल मोटर्सचा ‘ए-६’ कॉम्प्रेसर वजनदार होता आणि तो इंजिनाच्याच पट्ट्यावर फिरे. शर्यतीच्या वेगाने फिरणाऱ्या इंजिनावर पट्टा निसटण्याचा आणि कॉम्प्रेसर खराब होण्याचा धोका असे. शिवाय रेडिएटरपुढच्या कंडेन्सरमुळे आधीच तापणारे इंजिन आणखी तापे. पाव मैलाच्या शर्यतीसाठी गाडी घेणाऱ्याला हे वजन नकोच असायचे.

अपवाद मात्र खरोखर मोलाचे आहेत. १९७० ची ब्यूक जीएस ४५५ स्टेज १ आणि १९६७ ची शेल्बी जीटी ५०० एसीसह घेता येत असे. मूळ यंत्रणा शाबूत असलेल्या अशा गाडीत नवा कॉम्प्रेसर बसवण्यापेक्षा जुनाच दुरुस्त करणे श्रेयस्कर. तिच्यातील आर-१२ शीतकाचे अमेरिकेतील उत्पादन १९९५ अखेर थांबले. त्यामुळे अनेक गाड्यांची यंत्रणा आता आर-१३४ए या शीतकावर चालते.