लोकशाहीर वामनदादा कर्डक : जीवन व कार्य
वणीच्या सप्तशृंगगडाप्रमाणेच लोकशाहिरांची परंपरा ही नाशिक जिल्ह्याची ओळख होय. वामनदादा कर्डक यांचा जन्म १५ ऑगस्ट १९२२ रोजी सिन्नर तालुक्यातील देशवंडी येथे झाला. बालपणी शाळेपासून वंचित राहिलेल्या वामनदादांनी मुंबईत मजुरी करताना अक्षरओळख करून घेतली. १९४३ मध्ये त्यांनी पहिले गीत रचले आणि पुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा विचार गीतांद्वारे गावोगावी नेला. जेथे ग्रंथ पोहोचत नव्हता तेथे गीत पोहोचले. म्हणूनच ते लोकशिक्षणाचे साधन ठरले. 'वाटचाल' (१९७३) हा त्यांचा गीतसंग्रह होय. १५ मे २००४ रोजी त्यांचे निधन झाले. तथापि छापील शब्दांत चाल उतरत नाही. सबब ही गीते गाणाऱ्या वयोवृद्ध गायकांचे ध्वनिमुद्रण हे संशोधकांपुढील तातडीचे कार्य आहे.