भरलेल्या नावेचे मळसूत्र

१/ बुलढाणा जिल्ह्याचे दोन भाग लोकभाषेनेच पाडले आहेत: घाटावरचा आणि घाटाखालचा. बुलढाणा-चिखलीचे पठार वर, मलकापूर-शेगावचा पूर्णाकाठ खाली. येळगाव, खडकपूर्णा, नळगंगा या धरणांनी कोरडवाहू मुलखात मोठे पाणी आणले. या पाण्यावरच्या मोटरबोटीला कोणता प्रोपेलर लावावा, या साध्या वाटणाऱ्या प्रश्नामागे जवळजवळ दोन शतकांचा इतिहास आहे. त्याचा हा मागोवा. (थ्रेड)

२/ आरंभ मुंबईच्या गोदीत होतो. १८२९ साली येथे 'ह्यू लिंडसे' ही आगबोट बांधली गेली आणि २० मार्च १८३० रोजी ती सुएझकडे निघाली. तिला प्रोपेलर नव्हता. दोन्ही अंगांना पाणी मागे लोटणारी मोठी चाके होती. पोटात सुमारे साडेपाच दिवसांचा कोळसा मावे. एडनचा पल्ला त्याहून पुष्कळ लांब होता.

३/ म्हणून मिळेल त्या जागेत कोळसा भरला गेला आणि बोट ठरल्याहून खोल बुडाली. येथेच चाकाची मर्यादा उघडी पडते. चाक ठरावीक खोलीवरच नीट चालते. बोट जड झाली की ते जास्त बुडते आणि पाणी उचलण्यातच शक्ती घालवते. कोळसा जळून बोट हलकी झाली की पाण्याला पुरेसे टेकत नाही. वजन बदलले की चाकाचे गणित बिघडे.

४/ यावरचा उपाय पूर्ण पाण्याखाली राहणारे मळसूत्र. त्याची कल्पना अनेकांना सुचली होती. १८३६ साली इंग्लंडमध्ये फ्रान्सिस पेटिट स्मिथ आणि जॉन एरिक्सन यांनी काही आठवड्यांच्या अंतराने पेटंटे घेतली. स्मिथ हे व्यवसायाने शेतकरी. त्यांचे पहिले प्रयोग तळ्यातल्या खेळण्याएवढ्या नावेवर झाले.

५/ स्मिथ यांचे लाकडी मळसूत्र दोन पूर्ण वेढ्यांचे होते. १८३७ मध्ये पॅडिंग्टन कालव्यात चाचणी चालू असताना ते आपटून मोडले आणि जवळजवळ अर्धेच उरले. बोट थांबायला हवी होती; ती अधिक वेगाने धावू लागली! लांब मळसूत्र पाण्याशी घासण्यातच बळ दवडत होते. जे गणिताने दाखवले नव्हते, ते अपघाताने दाखवले.

६/ पुढे ब्रिटिश नौदलाने 'रॅटलर' या जहाजावर वेगवेगळ्या घाटांचे प्रोपेलर बदलून पाहिले. ३ एप्रिल १८४५ रोजी प्रोपेलरचे 'रॅटलर' आणि चाकांचे 'अलेक्टो' पाठीला पाठ लावून दोराने बांधले गेले. 'रॅटलर'ने 'अलेक्टो'ला उलटे ओढत नेले. ही रस्सीखेच गाजली; परंतु खरे ज्ञान त्याआधीच्या कंटाळवाण्या मोजमापांतून आले होते.

७/ १९०९ पासून अमेरिकेत ओल एव्हिनरूड यांनी नावेच्या मागच्या फळीला अडकवता येणारे इंजिन विकायला काढले. शक्ती अवघी दीड अश्वशक्ती. तत्पूर्वीही असे प्रयत्न झाले होते. मात्र या इंजिनाने आउटबोर्ड घरोघरी पोचवले. आता प्रोपेलर निवडण्याचे काम नौदलाच्या अभियंत्याकडून सामान्य नावाड्याकडे आले.

८/ अमेरिकेतही धरणांनी नवे जलाशय निर्माण केले आणि त्यांवर गळाने बास मासा पकडण्याचा छंद फोफावला. १९४८ सालची 'स्कीटर' ही पहिली बास बोट मानली जाते. पुढे स्पर्धा आल्या आणि वेग महत्त्वाचा झाला. एक-दोन माणसे, हलकी बोट, मोठे इंजिन! प्रोपेलरविषयीचा बराच प्रचलित सल्ला या हलक्या बोटींसाठीचा आहे.

९/ प्रोपेलरवर दोन आकडे असतात: व्यास आणि पिच, दोन्ही इंचांत. पिच म्हणजे मळसूत्राच्या एका फेऱ्याची चाल. १३ पिचचा प्रोपेलर घट्ट पदार्थात फिरला असता, तर एका फेऱ्यात १३ इंच पुढे गेला असता. पाण्यात तो काहीसा घसरतो, म्हणून प्रत्यक्ष चाल कमी पडते. मोठी पिच म्हणजे सायकलचा जड गिअर, लहान पिच म्हणजे हलका.

१०/ कसोटी एकच: पूर्ण थ्रॉटलला इंजिनाचे फेरे उत्पादकाने सांगितलेल्या मर्यादेत बसले पाहिजेत. कमी पडले तर पिच घटवावी, ओलांडले तर वाढवावी. एक इंच पिच बदलली की मिनिटाला साधारण १५० ते २०० फेऱ्यांचा फरक पडतो. इंजिन फार उंच बसवले तर प्रोपेलर हवा ओढतो आणि पकड सुटते. फार खाली बसवले तर पाण्याचा अडथळा वाढतो.

११/ आता पुन्हा घाटावर. दर ३०० मीटर उंचीमागे साध्या पेट्रोल इंजिनाची शक्ती सुमारे ३ टक्क्यांनी घटते, कारण हवा विरळ होते. बुलढाणा शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ६५० मीटरवर आहे. समुद्रकिनारी अचूक बसलेला प्रोपेलर येथे किंचित जड पडतो. घाटाखाली हा फरक कमी. परंतु वजनाचा प्रश्न दोन्हीकडे सारखाच.

१२/ जुलै २०२३ मध्ये घाटाखालच्या जळगाव जामोद आणि संग्रामपूर तालुक्यांत अतिवृष्टीने पूर आला. अशा वेळी बचावाची रबरी बोट रिकामी जाते आणि माणसांनी भरून परत येते. रिकाम्या बोटीवर, वेग पाहून निवडलेला प्रोपेलर नेमका परतीच्या वाटेवर इंजिनाला दाबून टाकतो. प्रवाह समोरून येत असतो, तेव्हाच जोर अपुरा पडतो.

१३/ म्हणून चाचणी पुरापूर्वी, संथ जलाशयात, पूर्ण वजन भरून व्हावी आणि फेऱ्यांचा आकडा लिहून ठेवावा. 'ह्यू लिंडसे' कोळशाने वाकली, स्मिथ यांचे मळसूत्र मोडून सुधारले, 'रॅटलर' मोजमापांनी जिंकले. तिन्हींचा धडा एकच: प्रोपेलर इंजिनाकडे पाहून निवडायचा नसतो, त्या इंजिनाला ज्यांना पैलतीरी न्यायचे आहे, त्यांच्या वजनाकडे पाहून निवडायचा असतो. (समाप्त)