अंड्याचे कॅफे आणि आपलं नवापूर

अंड्याच्या फॅन्सी हॉटेलांचे रील सध्या सगळ्यांच्या मोबाईलवर फिरताहेत. पुण्यात कोथरूडला ‘योकशायर’ आहे, सगळा मेनू अंड्याचा. अमेरिकेतली ‘एगस्लट’ तर 2011 मध्ये लॉस एंजेलिसला एका फूड ट्रकवर सुरू झाली आणि साखळी बनली. म्हणजे सुरुवात तिचीही गाडीवरच! आपल्या जळगाव-धुळ्यात अंडं अजून जास्त करून हातगाडीवरच दिसतं. भुर्जी-पाव, हाफ फ्राय आणि सुरती घोटाळा. (अंड्याचा हो, महापालिकेचा नाही.)

पण ही अंडी स्वस्त आणि बारमाही कशी झाली? पूर्वी भाव व्यापारी ठरवायचे, पोल्ट्रीवाला मिळेल ते घ्यायचा. 1982 मध्ये डॉ. बी. व्ही. राव यांच्या पुढाकाराने पोल्ट्रीवाले एकत्र आले, राष्ट्रीय अंडी समन्वय समिती उभी राहिली आणि अंड्याचा भाव ते स्वतः जाहीर करू लागले. टीव्हीवरचं ‘संडे हो या मंडे’ त्यांचंच.

आपल्या भागात हा धंदा वाढला नवापुरात. सुरत-भुसावळ रेल्वे, गुजरातची हद्द लागून. 1998 पर्यंत हा तालुका आपल्या धुळे जिल्ह्यातच होता, मग नंदुरबारमध्ये गेला.

18 फेब्रुवारी 2006 ला नवापूर देशभर गाजलं. भारतातला पहिला बर्ड फ्लू इथे सापडला. पांढरे सूट घातलेली पथकं आली, अडीच लाखांच्या आसपास कोंबड्या मारून पुरल्या, लाखो अंडी नष्ट केली. मार्चमध्ये जळगाव जिल्ह्यातल्या काही गावांतही रोग निघाला. चिकन-अंड्याची मागणी देशभर कोसळली, म्हणजे रोग कोंबड्यांना आणि मार गाडीवाल्यालाही. नवापूरकरांनी पुन्हा शेड उभारली. फेब्रुवारी 2021 मध्ये परत बर्ड फ्लू, परत लाखो कोंबड्यांची कत्तल. तरी धंदा सोडला नाही. या चिकाटीवर कुणी रील बनवत नाही, असो.

आता मुद्द्याचं. नोव्हेंबर 2023 मध्ये सरकारने शालेय पोषण आहारात आठवड्याला एक अंडं द्यायचं ठरवलं, न खाणाऱ्याला केळी. केळी म्हटल्यावर आपण रावेर-यावलवाले खूश! पण जानेवारी 2025 मध्ये त्याचा निधीच बंद केला. द्यायचंच असेल तर लोकवर्गणीतून द्या, म्हणे. शहरातल्या शाळेला एखादा दाता मिळेलही. अक्कलकुवा-धडगावच्या पाड्यावर मास्तरांनी वर्गणी मागायची कुणाकडे? जिथे आई-बापच ऊसतोडीला गेलेत तिथे?

तुमच्या तालुक्यात एखाद्या शाळेत लोकवर्गणीतून अंडं सुरू असेल, तर शाळेचं आणि गावाचं नाव कमेंटमध्ये टाका. बंद पडलं असेल तर तेही टाका. दोन्हीकडे जाऊन बातमी करतो.