‘सनरूफ नको, फक्त मागचा वायपर द्या’; शोरूमवाले नाही का म्हणतात? जाणून घ्या कारणं

दसरा-पाडवा जवळ आला की तालुक्यातून शोरूमच्या चकरा सुरू होतात. आपला रस्ता धुळीचा, म्हणून मागच्या काचेला वायपर हवा असतो. सनरूफचं काही काम नसतं. पण सेल्समन सांगतो, “वायपर हवा तर वरचं मॉडेल घ्या, सनरूफ त्यातच येतं.” आणि बजेट कोलमडतं. पैसे आपले, मग गाडी आपल्या मनासारखी का मिळत नाही?

कारखान्याचा हिशेब

समजा एका गाडीत २ इंजिनं, २ प्रकारचे गिअर, ५ मॉडेल आणि ६ रंग आहेत. एवढ्यानेच १२० प्रकारच्या गाड्या होतात. त्यात सनरूफ, वायपर आणि अलॉय व्हील ग्राहकाच्या मर्जीवर सोडले तर आकडा थेट ९६० वर जातो.

गाडीतल्या वायरिंगचा जुडगा आधीच तयार होऊन कारखान्यात येतो. मागच्या वायपरला वेगळी वायर, मोटर आणि काचेला भोक लागतं. प्रत्येक प्रकाराचा माल वेगळा ठेवायचा म्हटलं तर खर्च वाढतो, चुकीचा पार्ट बसण्याचा धोकाही वाढतो.

हे आजचं नाही. अमेरिकेत फोर्ड कंपनीने १९१३ मध्ये गाड्यांसाठी सरकती असेंब्ली लाइन सुरू केली. त्यानंतर १९१४ पासून बरीच वर्षं त्यांची ‘मॉडेल टी’ फक्त काळ्या रंगात मिळायची. निवड कमी झाली, पण गाडी स्वस्त झाली.

सरकारी तपासणी

नवीन मॉडेल विकण्याआधी केंद्रीय मोटार वाहन नियम १२६ प्रमाणे मान्यताप्राप्त संस्थेकडून तपासून घ्यावं लागतं. पुण्याची एआरएआय ही त्यातलीच एक संस्था. इंजिन, ब्रेक, टायर अशा गोष्टी बदलल्या की पुन्हा मंजुरीचं काम निघतं.

डीलर आणि नफा

आपल्याकडे बरेच जण मुहूर्तावर गाडी मागतात. त्यामुळे डीलर जास्त खपणारी मॉडेलंच स्टॉकमध्ये ठेवतो. वेगळ्याच प्रकारची गाडी पडून राहिली तर त्यावरचं व्याज त्याच्या अंगावर येतं.

आणि खरं सांगायचं तर कंपनीचा फायदाही यात आहे. गरजेची एक वस्तू हौसेच्या चार वस्तूंसोबत बांधली की ग्राहक आपोआप महागड्या मॉडेलकडे जातो.

बाहेरून बदल करताना सावधान

“शोरूममध्ये नाही तर गॅरेजमध्ये बसवू,” असं अनेक जण म्हणतात. सीट कव्हर, मॅट यांना अडचण नाही. पण मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार गाडीच्या मूळ नोंदीत फरक पडेल असा बदल परवानगीशिवाय करता येत नाही. बेकायदा बदलासाठी कलम १८२-अ मध्ये प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. पुढे लावायच्या लोखंडी गार्डवर कारवाई करा, असं केंद्राने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना कळवलं आहे. अशा गार्डमुळे एअरबॅगच्या सेन्सरच्या कामात अडथळा येऊ शकतो. वायर कापून लाइट-हॉर्न जोडले तर वॉरंटीवरून वाद होतो.

बुकिंगआधी हे करा

- गरजेच्या पाच गोष्टी घरीच कागदावर लिहा आणि माहितीपत्रकात त्या कोणत्या मॉडेलला आहेत ते पाहा.
- हवी ती वस्तू कंपनीच्या अधिकृत अॅक्सेसरीत मिळते का, ते विचारा. बसवण्याचा खर्च आणि वॉरंटी लेखी घ्या.
- डीलरने बिलात आपणहून घातलेलं अॅक्सेसरीचं पॅकेज नको असेल तर काढायला सांगा.
- सीएनजी किट बाहेरून बसवलं तर ते मान्यताप्राप्त असावं. आरसी आणि विमा पॉलिसी दोन्हीवर नोंद करा, नाहीतर क्लेमच्या वेळी अडचण येते.
- एका वस्तूसाठी वरचं मॉडेल घेण्याआधी किमतीतला फरक आणि वाढणारा हप्ता मोजा. हप्ता दर महिन्याला भरायचा आहे, सनरूफ वर्षातून किती वेळा उघडणार?