टेनिसमधील शक्तिव्यायाम आणि पूरक आहार

फटक्यांचा वेग, मैदानावरील हालचाल आणि दुखापतींना तोंड देण्याची क्षमता वाढावी म्हणून टेनिसपटू करीत असलेला वजनाचा अथवा प्रतिरोधाचा व्यायाम म्हणजे टेनिसमधील शक्तिव्यायाम होय. रोजच्या जेवणाखेरीज भुकटी, गोळी वा पेय या रूपांत घेतल्या जाणाऱ्या पोषकद्रव्यांना पूरक आहार म्हणतात. या दोहोंचा उल्लेख सहसा जोडीने होत असला तरी त्यांची योग्यता सारखी नाही. शक्तिव्यायामाचा उपयोग आता सर्वमान्य आहे. पूरक द्रव्यांपैकी मात्र थोड्यांचाच उपयोग सिद्ध झालेला असून त्यांत उत्तेजकांची भेसळ निघाल्यास खेळाडूची कारकीर्द धोक्यात येते. सातारा-सांगली भागात तालीम आणि खुराक यांची जुनी परंपरा असल्यामुळे हा विषय तेथे अगदीच अनोळखी नाही. याच भागातील महाबळेश्वर व पाचगणी ही गिरिस्थाने त्यांच्या उंचीमुळे टेनिसच्या नियमांतही वेगळी ठरतात.

इतिहास

वजने उचलल्याने स्नायू आखडतात व हाताची लवचीकता जाते, असा समज टेनिसमध्ये दीर्घकाळ होता. ऑस्ट्रेलियातील फ्रँक सेजमन आणि मार्गारेट कोर्ट हे तो समज बाजूला सारून व्यायामशाळेत नियमित वजने उचलणारे आरंभीचे मोठे खेळाडू होत. १९८० च्या दशकाच्या प्रारंभी मार्टिना नवरातिलोवा यांनी बास्केटबॉलपटू नॅन्सी लीबरमन यांच्या मार्गदर्शनाखाली व्यायाम आणि रॉबर्ट हास यांच्या सल्ल्याने आहार असा दुहेरी कार्यक्रम स्वीकारला. पुढील काही वर्षांत महिला टेनिसवर त्यांनी जे वर्चस्व गाजवले, त्यामुळे स्वतंत्र व्यायाम प्रशिक्षक ठेवण्याची पद्धत रूढ झाली. भारताचे रोहन बोपण्णा यांनी २०२४ मध्ये वयाच्या ४३ व्या वर्षी ऑस्ट्रेलियन ओपनचे पुरुष दुहेरीचे विजेतेपद मिळवले. गुडघ्यांच्या जुन्या दुखण्यातून सावरण्याचे श्रेय ते अय्यंगार योगपद्धतीला देतात. बी. के. एस. अय्यंगार यांनी ही पद्धत पुण्यात विकसित केली. बोपण्णा यांच्याबरोबर २०२३ मध्ये हांगचौ येथील आशियाई स्पर्धेत मिश्र दुहेरीचे सुवर्णपदक जिंकणाऱ्या ऋतुजा भोसले महाराष्ट्राच्या आहेत.

खेळाची शारीरिक गरज

टेनिसचा सामना दोन-तीन तास, प्रसंगी पाच तासही चालतो. परंतु त्यातील प्रत्यक्ष खेळाचा वेळ थोडा असतो. बहुतेक गुण दहा सेकंदांच्या आत निकाली निघतात, दोन गुणांमध्ये २५ सेकंदांपर्यंत आणि बाजू बदलताना ९० सेकंदांची विश्रांती मिळते. म्हणजे टेनिस ही लांब पल्ल्याची धाव नसून शेकडो छोट्या झेपांची मालिका आहे. प्रत्येक झेपेत वेग घेणे, एकाएकी थांबणे, कुशीवर वळणे आणि पुन्हा मध्यभागी परतणे या क्रिया येतात. यांपैकी थांबण्याच्या क्रियेत गुडघे व घोटे यांवर सर्वांत अधिक ताण पडतो, आणि नवशिक्यांच्या व्यायामात नेमकी तीच दुर्लक्षित राहते.

सर्व्हिसचा जोर हातातून येतो असे पाहणाऱ्याला वाटते. वस्तुतः तो जमिनीवरून सुरू होतो. पाय, कंबर, धड, खांदा, कोपर, मनगट या क्रमाने शक्ती वर चढत जाते आणि शेवटी रॅकेटमध्ये उतरते. अभ्यासकांच्या मते सर्व्हिसमधील निम्म्याहून अधिक ऊर्जा पाय व धड यांच्याकडून येते. साखळीतील एखादा दुवा कच्चा असेल तर त्याची भरपाई खांद्याला करावी लागते. खांदेदुखीची पुष्कळ प्रकरणे अशा प्रकारे कमकुवत पायांतून उद्भवतात.

शक्तिव्यायामाचे स्वरूप

टेनिसपटूंच्या व्यायामात बैठका, पुढे पाऊल टाकून गुडघा वाकवण्याचे प्रकार, जमिनीवरून वजन उचलणे, ओढण्याचे व्यायाम, पोट-कंबरेचे व्यायाम, उड्या आणि जड चेंडू दोन्ही हातांनी वळून फेकणे यांचा समावेश असतो. स्पर्धा नसतात त्या काळात आठवड्यातून दोन-तीन वेळा आणि स्पर्धांच्या हंगामात एक-दोन वेळा व्यायाम करणे पुरेसे मानले जाते. काही आठवड्यांच्या नियमित शक्तिव्यायामाने सर्व्हिसचा वेग वाढल्याचे अनेक प्रयोगांत दिसून आले आहे.

खांद्याकडे स्वतंत्र लक्ष द्यावे लागते. सर्व्हिस व फोरहँड यांमुळे हात आतल्या बाजूस फिरवणारे स्नायू आपोआप बळकट होतात, बाहेरच्या बाजूस फिरवणारे मात्र मागे पडतात. वास्तविक फटका मारल्यानंतर सुसाट निघालेल्या हाताला आवर घालण्याचे काम याच मागे पडलेल्या स्नायूंचे असते. त्यांची शक्ती आतल्या स्नायूंच्या निदान दोन-तृतीयांश असावी असा संकेत आहे. यासाठी जड वजनाची गरज नसते. रबरी पट्टा किंवा एक-दोन किलोचे डंबेल चालते.

‘टेनिस एल्बो’ हे कोपराच्या बाहेरील बाजूचे दुखणे महाराष्ट्रात घराघरांत माहीत झाले ते मात्र एका क्रिकेटपटूमुळे. २००४ मध्ये सचिन तेंडुलकर यांना ते जडले आणि २००५ मध्ये त्यांच्यावर शस्त्रक्रिया झाली. टेनिसमध्ये हे दुखणे निष्णात खेळाडूंपेक्षा हौशी खेळाडूंत, विशेषतः तिशी ते पन्नाशीच्या वयात, अधिक आढळते. मनगट सावकाश खाली सोडत स्नायू लांबत असताना भार घेण्याचा व्यायाम त्यावर उपयुक्त ठरतो.

मुलांनी वजने उचलल्यास उंची खुंटते, ही समजूत अद्याप प्रचलित आहे. तिला आधार सापडलेला नाही. जाणकाराच्या देखरेखीखाली, आधी शरीराच्या वजनावर आणि नंतर हलक्या वजनांवर केलेला व्यायाम मुलामुलींसाठी सुरक्षित मानला जातो. देखरेख नसताना मात्र तोच व्यायाम अपायकारक होऊ शकतो.

तालमीची परंपरा

सातारा व सांगली हे जिल्हे कुस्तीसाठी प्रसिद्ध आहेत. ऑलिंपिकमध्ये वैयक्तिक पदक मिळवणारे स्वतंत्र भारताचे पहिले खेळाडू खाशाबा जाधव कराडजवळच्या गोळेश्वरचे, तर हिंदकेसरी मारुती माने सांगली जिल्ह्यातील कवठे पिरानचे. २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत ५५ किलो गटात भारोत्तोलनाचे रौप्यपदक मिळवणारे संकेत सरगर हेही सांगलीचेच.

तालमीतील जोर, बैठका, जोडी, करेला व मुद्गल या व्यायामांचा टेनिसपटूला चांगला उपयोग होऊ शकतो. हलके मुद्गल पाठीमागून फिरवताना खांद्याचे पाते, दंड आणि मनगट यांची एकत्रित हालचाल होते. सर्व्हिसच्या तयारीत हात जसा डोक्यामागे जातो, तिच्याशी या हालचालीचे बरेच साम्य आहे. तथापि जोर-बैठकांत आडव्या दिशेची धाव नाही आणि एकाएकी थांबणेही नाही. म्हणून तालमीचा व्यायाम जसाच्या तसा उचलून भागत नाही. खाशाबांचे उदाहरण येथे बोलके आहे. तांबड्या मातीत तयार झालेले खाशाबा १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये अपरिचित मॅटवर उतरले आणि सहावे आले. त्यानंतर त्यांनी मॅटच्या कुस्तीची तयारी केली आणि १९५२ मध्ये हेलसिंकी येथे कांस्यपदक मिळवले.

महाबळेश्वर-पाचगणी : उंची आणि पाऊस

महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे १,३५० मीटर उंचीवर आहे. पाचगणी त्याहून थोडी खाली आहे. आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाच्या नियमांनुसार १,२१९ मीटरपेक्षा, म्हणजे ४,००० फुटांपेक्षा, अधिक उंचीवर वेगळ्या प्रकारचे चेंडू वापरण्यास परवानगी असते. कमी उसळणारे दाबयुक्त चेंडू, किंवा निदान ६० दिवस त्या उंचीवर ठेवलेले, आतबाहेर सारखा दाब असलेले चेंडू असे हे प्रकार होत. दोन्ही गिरिस्थाने या मर्यादेच्या वर येतात. सुमारे ५६० मीटर उंचीवरचे पुणे मात्र त्या मर्यादेच्या बरेच खाली राहते.

महाबळेश्वरच्या उंचीवर हवेची घनता समुद्रसपाटीपेक्षा सुमारे १२ टक्क्यांनी कमी असते. त्यामुळे चेंडूला होणारा अडथळा घटतो, नेहमीचा चेंडू अधिक वेगाने व दूर जातो, शिवाय उंच उसळतो. पुण्याहून आलेल्या खेळाडूचे फटके पहिल्या दिवशी रेषेबाहेर पडू लागले तर तो दोष त्याच्या हाताचा नसतो. रॅकेटच्या तारा थोड्या अधिक ताणून घेणे हा त्यावरचा रूढ उपाय आहे. चेंडू लवकर येत असल्याने पायांच्या चपळाईला येथे अधिक महत्त्व येते. ही उंची दम लागण्याच्या दृष्टीने मध्यमच आहे आणि त्यासाठी कोणत्याही खास औषधाची वा भुकटीची आवश्यकता नसते.

जून ते सप्टेंबर या काळात महाबळेश्वरला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि उघडी मैदाने निरुपयोगी होतात. व्यायामशास्त्रात वर्षाचे जे टप्पे पाडले जातात, त्यांतील शक्तिवर्धनाचा टप्पा यामुळे येथे निसर्गतःच ठरून जातो. पावसाळ्यात व्यायामशाळा आणि ऑक्टोबरनंतर मैदान, असा क्रम येथील निवासी शाळांमधील मुलांना सोयीचा आहे.

आहार आणि पूरक द्रव्ये

मराठीत ‘खुराक’ हा शब्द पैलवानाच्या दूध, तूप, बदाम, खारीक, थंडाई अशा वाढीव आहारासाठी रूढ आहे. त्यामागील कल्पना आजच्या पूरक आहाराहून फार निराळी नाही, फरक इतकाच की खुराकात काय घातले आहे ते वस्तादाला डोळ्यांनी दिसत असे.

शक्तिव्यायाम करणाऱ्याला शरीराच्या दर किलो वजनामागे दिवसाला १.४ ते २ ग्रॅम प्रथिने लागतात, असे क्रीडापोषणतज्ज्ञ मानतात. ६० किलो वजनाच्या खेळाडूसाठी हे प्रमाण ८४ ते १२० ग्रॅम होते. दोन अंडी, अर्धा लिटर दूध, ५० ग्रॅम शेंगदाणे, ५० ग्रॅम मटकी, ५० ग्रॅम डाळ आणि २०० ग्रॅम ज्वारीच्या पिठाच्या भाकऱ्या इतक्या साध्या आहारातून ८० ग्रॅमच्या आसपास प्रथिने मिळतात. उरलेली गरज दही, पनीर, मासे वा मांस यांतून भागते. दुधापासून बनवलेली व्हे प्रथिनांची भुकटी ही सोय आहे, तिच्यात निराळी जादू नाही. प्रवासात वा वसतिगृहात जेवण अपुरे पडत असेल तर तिचा उपयोग होतो.

क्रिएटिन हे सर्वांत अधिक अभ्यासले गेलेले द्रव्य आहे. दिवसाला ३ ते ५ ग्रॅम घेतल्यास वजने उचलण्याची क्षमता वाढते. परंतु टेनिसपटूंवर केलेल्या काही प्रयोगांत त्याने फटक्यांच्या वेगात वा छोट्या धावांत फरक पडलेला आढळला नाही. शिवाय सुरुवातीला शरीरात पाणी साठून एक-दोन किलो वजन वाढू शकते. कॅफिन थकवा लांबवते. जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या निषिद्ध यादीतून ते २००४ मध्ये वगळण्यात आले. मात्र संध्याकाळच्या सामन्यात घेतल्यास झोप बिघडते, आणि शाळकरी मुलांसाठी कॅफिनयुक्त पेये योग्य मानली जात नाहीत.

लांबलेल्या सामन्यात तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदके आणि घामातून जाणारे मीठ परत मिळणे महत्त्वाचे असते. केळे, चिक्की आणि साखर-मिठाचे लिंबू सरबत यांतून ही गरज बऱ्याच अंशी भागते. पेयात दर १०० मिलिलिटरला ६ ते ८ ग्रॅम साखर योग्य. महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी सिरपे वापरायची असल्यास वेष्टनावरील साखरेचे प्रमाण पाहून ती पुरेशी पातळ करावी लागतात, अन्यथा पोट जड होते. लोह, जीवनसत्त्व ड व ब-१२ यांच्या गोळ्या रक्ततपासणीत कमतरता आढळली तरच वैद्यकीय सल्ल्याने घ्याव्या लागतात. किशोरवयीन मुलींमध्ये लोहाची कमतरता विशेष आढळते.

उत्तेजकांचा धोका

उत्तेजकविरोधी नियमांनुसार शरीरात आढळलेल्या निषिद्ध द्रव्याची जबाबदारी खेळाडूचीच असते. ते नकळत पोटात गेले, हे कारण शिक्षा कमी करू शकते, परंतु दोष पुसत नाही. क्रोएशियाचे मारिन चिलिच यांच्या नमुन्यात २०१३ मध्ये निकेथमाइड सापडले. ते औषधाच्या दुकानातून आणलेल्या ग्लुकोजच्या गोळ्यांतून आले होते. नऊ महिन्यांची बंदी अपिलात चार महिन्यांवर आली. रुमानियाच्या सिमोना हालेप यांच्यावर रॉक्सॅडुस्टॅटमुळे चार वर्षांची बंदी आली होती. ते दूषित पूरक द्रव्यातून आल्याचे क्रीडा लवादाने मान्य केले आणि मार्च २०२४ मध्ये बंदी नऊ महिन्यांवर आणली. तोवर सुमारे दीड वर्ष त्या खेळाबाहेर होत्या.

महाराष्ट्रातील सर्वांत गाजलेले प्रकरण कुस्तीतील आहे. तीन वेळा महाराष्ट्र केसरी ठरलेले नरसिंह यादव २०१६ च्या रिओ ऑलिंपिकपूर्वी चाचणीत दोषी आढळले. आपल्या अन्नपेयात कोणीतरी भेसळ केली, असे त्यांचे म्हणणे होते. भारतातील राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्थेने ते ग्राह्य धरले, पण क्रीडा लवादाने ते नाकारून ऐन स्पर्धेच्या वेळी त्यांच्यावर चार वर्षांची बंदी घातली.

भारतात २०२२ मध्ये राष्ट्रीय उत्तेजकविरोधी कायदा संमत झाला. पूरक द्रव्याच्या डब्यावरील अन्नसुरक्षा परवान्याचा क्रमांक म्हणजे त्या डब्याची उत्तेजकांसाठी तपासणी झाल्याचा दाखला नव्हे. ‘इन्फॉर्म्ड स्पोर्ट’सारख्या खुणा असलेल्या उत्पादनांच्या प्रत्येक घाण्याची तपासणी होते, त्यामुळे धोका कमी होतो. ‘आयुर्वेदिक’ वा ‘नैसर्गिक’ असे लिहिलेल्या भुकट्यांनाही हेच लागू आहे.

अलीकडच्या काळात पुण्यासह राज्याच्या काही भागांत व्यायामशाळांतील तरुणांना मेफेंटरमाइनची इंजेक्शने बेकायदा विकली जात असल्याचे पोलीस कारवायांतून उघड झाले. भूल दिल्यावर घसरलेला रक्तदाब वाढवण्यासाठी वापरले जाणारे हे औषध आहे. ते स्पर्धेच्या काळात निषिद्ध असून त्याच्या गैरवापराने हृदयावर गंभीर परिणाम होऊ शकतात. दुकानात मिळणाऱ्या प्रथिनांच्या डब्यापासून या इंजेक्शनापर्यंतचा सल्ला पुष्कळदा एकाच माणसाकडून, व्यायामशाळेतल्या प्रशिक्षकाकडून, मिळत असतो.